खरा वक्री कोण?

आमच्या घरीं पंचांग दिवाणखान्यांतील खुंटीला टांगलेलें असतें, आणि तें काढून पाहण्याचा मान पूर्वीं वडिलांचा होता तो आतां माझ्याकडे आला आहे. परवां थोरल्या सूनबाईनें मात्र तें स्वतःच काढलें, एका पानावर बोट ठेविलें आणि मला विचारलें, "मामंजी, शनि वक्री होतो म्हणजे त्याचे चंद्रहि त्याच्याबरोबर उलटे फिरूं लागतात काय?" सूनबाई शाळेंत गणित शिकविते, तेव्हां प्रश्न थट्टेचा नव्हता. मीं चष्मा पुसावयास घेतला. उत्तर चटकन् सुचलें नाहीं म्हणजे चष्मा पुसावयाचा, ही माझी मास्तरकीच्या दिवसांपासूनची संवय आहे. आणि घरांतील सर्वांना ती ठाऊक असल्यामुळें तिचा आतां फारसा उपयोग होत नाहीं.

प्रश्नाचा अर्धा भाग सोपा होता. शनि वक्री होतो म्हणजे तो आपली वाट सोडून मागें फिरतो असें नव्हे. 'शनैः चरति' या आपल्या नांवाला जागून तो साडेएकोणतीस वर्षांत सूर्याभोंवतीं एक फेरा करितो, आणि त्या फेऱ्यांत एक पाऊलहि मागें घेत नाहीं. आपली पृथ्वीच दर वर्षीं आंतल्या वाटेनें धांवत येते आणि त्याला मागें टाकून पुढें जाते. आगगाडींतून जातांना शेजारच्या रुळांवरील मालगाडी आपल्याच दिशेनें संथ चाललेली असली, तर ती उलट चालली आहे असा डोळ्यांना भास होतो. तसाच हा वर्षांतून सुमारें साडेचार महिने चालणारा भास. पंचांगकर्ते पृथ्वीवरून जें दिसतें तें लिहितात, आणि तें बरोबरच लिहितात. या भासापायीं शनिवारीं मारुतीला किती तेल वाहिलें जातें, तो हिशेब निराळा. तेव्हां शनि वक्री झाला म्हणून त्याच्या चंद्रांना कांहींच होत नाहीं. ते आपापल्या वाटेनें चाललेले असतात.

पण प्रश्नाच्या उरलेल्या अर्ध्या भागापाशीं मी थबकलों. कारण शनीच्या परिवारांत खरोखरच उलट चालणारी एक व्यक्ति आहे, भासानें नव्हे तर प्रत्यक्ष. आणि तिच्यासंबंधानें मीं एका मुलाला भर वर्गांत चुकीचें सांगितलेलें आहे.

ती गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली. माझी नेमणूक संस्कृताकडे. पण भूगोलाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि नववीचा तो तास माझ्या गळ्यांत पडला. धडा सूर्यमालेचा होता. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें १७९६ सालीं मांडलेली उपपत्ति मीं एका जुन्या पुस्तकांतून वाचून नेली होती : मूळ एकच विशाल तेजोमेघ गरगरत होता, त्यांतूनच सूर्य, ग्रह आणि ग्रहांचे चंद्र निपजले, म्हणून सर्वांची फिरण्याची दिशा एक. सारें कुटुंब एकाच चालीचें, हें मला फार आवडलें आणि मीं तें मोठ्या रंगांत येऊन सांगितलें. तिसऱ्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, एखादा चंद्र उलट फिरत असला तर?" मीं म्हटलें, "असें असूंच शकत नाहीं. बस खालीं." तो बसला. त्या उलट फिरणाऱ्या चंद्राचा शोध लागून त्या दिवशीं ऐंशीहून अधिक वर्षें झालेलीं होतीं. पांचसहा वर्षांनीं वाचनालयांत एक पुस्तक चाळतांना मला हें कळलें, तेव्हां तो मुलगा शाळा सोडून गेलेला होता.

त्या चंद्राचें नांव फीबी. आपल्याकडे चंद्र पुल्लिंगी. पण हें नांव ग्रीक पुराणांतील एका स्त्रीचें असल्यामुळें मी पुढें 'ती' असेंच म्हणणार आहें. वैयाकरणांनीं क्षमा करावी.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत अरेकीपा म्हणून एक उंचावरचें गांव आहे. तेथें त्या काळीं अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाची एक वेधशाळा होती, आणि तींत चोवीस इंच व्यासाची, आकाशाचीं छायाचित्रें घेण्यासाठींच मुद्दाम बनविलेली दुर्बीण होती. १८९८ च्या ऑगस्ट महिन्यांत डीलाइल स्टुअर्ट यानें तिच्यांतून शनीच्या आसपासच्या आकाशाच्या कांचेच्या पट्ट्या घेतल्या. त्या अमेरिकेंत पोंचल्यावर विल्यम पिकरिंग या ज्योतिर्विदानें त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या. तारे हजारों, पण ते सारे आपापल्या जागीं. त्यांत एक अगदीं मंद ठिपका मात्र तारे सोडून शनीच्या संगतीनें सरकत होता. १८९९ च्या मार्चमध्यें पिकरिंगनें शनीला नववा चंद्र असल्याचें जाहीर केलें. कोणा माणसानें दुर्बिणीला डोळा लावून न पाहतां केवळ छायाचित्रावरून सांपडलेला हा पहिलाच चंद्र होय.

आणि लगेच तो हरवला! पुढें कांहीं वर्षें तो कोणाच्या दृष्टीस पडेना. पिकरिंगला भ्रम झाला असावा असें लोक उघड बोलूं लागले. १९०४ सालीं अरेकीपाच्याच नव्या पट्ट्यांवर ती पुन्हां सांपडली, आणि त्याच वर्षीं बर्नार्ड यानें यर्क्स वेधशाळेच्या चाळीस इंची दुर्बिणींतून तिला डोळ्यांनीं पाहिलें. तिच्या वाटेचें गणित नीट बसूं लागलें तेव्हां उमगलें कीं, ती इतर भावंडांच्या उलट दिशेनें फिरत आहे. नेपच्यूनचा मोठा चंद्र ट्रायटन, जो १८४६ सालीं सांपडला होता, तोहि उलटाच फिरतो. म्हणजे वर्गांतलें माझें अज्ञान एकेरी नसून दुहेरी होतें. हा मजकूर कधीं त्या मुलाच्या वाचनांत आला, तर त्या दिवशींचें 'बस खालीं' मीं मागें घेतलें आहे असें त्यानें समजावें.

आतां तिचें बिऱ्हाड किती दूर तें पाहा. शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन हा शनीपासून सुमारें १२ लाख किलोमीटरवर आहे आणि सोळा दिवसांत फेरा पुरा करितो. त्याच्यापलीकडे आयापिटस सुमारें ३६ लाख किलोमीटरवर. त्याला ७९ दिवस लागतात. आणि फीबी सुमारें १ कोटि २९ लाख किलोमीटरवर! ओसरीपासून टायटन दहा पावलांवर मानला तर आयापिटस तीस पावलांवर येतो, आणि फीबीसाठीं शंभरांहून जास्त पावलें टाकावीं लागतात. तिच्या एका फेऱ्याला दीड वर्ष लागतें. आंतले चंद्र शनीच्या प्रसिद्ध कड्यांच्या पातळींत, शनि स्वतःभोंवतीं ज्या बाजूस फिरतो त्याच बाजूस फिरतात. फीबीचें तसें नाहीं. शनि ज्या पातळींत सूर्याभोंवतीं फिरतो, जवळजवळ त्याच पातळींत ती फिरते, आणि तीहि उलट्या बाजूनें.

आकार म्हणाल तर अगदींच लहान. आडवी मोजली तर सुमारें २१३ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नाशिकास मोटारीनें जावें तेवढी. स्वतःभोंवतीं मात्र सव्वानऊ तासांत गिरकी घेते. आणि वर्ण? फीबी या नांवाचा अर्थ 'तेजस्विनी'. ग्रीकांच्या पुराणांत शनीचें काम करणारा जो क्रोनस, त्याची ही बहीण. जॉन हर्शेलनें १८४७ सालीं शनीच्या चंद्रांना क्रोनसच्या भावंडांचीं नांवें देण्याची प्रथा घातली, तिला अनुसरून पिकरिंगनें हें नांव ठेविलें. पण आमची ही तेजस्विनी कोळशासारखी काळी आहे. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा दहावा भागसुद्धां ती परत देत नाहीं. सांवळ्या मुलीचें नांव गौरी ठेवण्याची चाल आपल्याकडेहि आहेच.

येथपर्यंत सांगून झालें तेव्हां सूनबाई म्हणाली, "मग ती त्या घरची नव्हेच, मामंजी. बाहेरून आलेली." गणित शिकविणारांना निष्कर्षाची घाई असते, पण या वेळीं निष्कर्ष बरोबर होता. ग्रहाभोंवतींच्या गरगरत्या द्रव्यांतून जन्मलेला चंद्र उलटा फिरावयाचा नाहीं. तेव्हां लाप्लासचें म्हणणें घरांत जन्मलेल्यांपुरतें ठीक. पण घरांत सगळेच जन्मलेले असतात असें तरी कोठें आहे?

बाहेरच्या गोळ्याला धरून ठेवणें ही गोष्ट मात्र दिसते तितकी सोपी नाहीं. अवकाशांतून एखादा गोळा शनीजवळ आला तर शनि त्याला ओढतो, हें खरें. परंतु जसजसा तो जवळ येतो तसतसा त्याचा वेग वाढतो, आणि ज्या वेगानें तो आंत आला त्याच वेगानें दुसऱ्या बाजूनें बाहेर निघून जातो. दरीच्या एका उतारावरून सोडलेला चेंडू समोरचा चढ चढून जावा तसें. त्याला ठेवून घ्यावयाचें तर त्याचा थोडा वेग कोणीतरी काढून घेतला पाहिजे. शनि बाल्यावस्थेंत असतां त्याच्याभोंवतीं वायूचें दाट वेष्टन होतें, त्यांतून जातांना हा गोळा मंदावला असें कांहीं विद्वान् म्हणतात. गोळे जोडीनें येत होते, त्यांतला एक भिरकावला गेला आणि जातांना दुसऱ्याचा वेग घेऊन गेला, असें दुसरे म्हणतात. आरंभींच्या काळांत मोठे ग्रहच एकमेकांच्या अगदीं जवळून गेले आणि त्या धामधुमींत हे गोळे सांपडले, असें तिसऱ्यांचें मत आहे. एकमत अद्याप झालेलें नाहीं.

आणखी एक मौजेची गोष्ट. इतक्या दूरच्या चंद्राला शनि आपल्याकडे ओढतो तसा सूर्यहि आपल्याकडे ओढीत असतो. या ओढाताणींत उलट चालणारा चंद्र हा सुलट चालणाऱ्यापेक्षां अधिक दूरच्या अंतरापर्यंत टिकून राहतो, असें गणितानें सिद्ध झालें आहे. "म्हणजे उलट चालते म्हणूनच ती टिकली!" सूनबाई म्हणाली. तेवढें म्हणतां येत नाहीं. फीबीच्या अंतरावर सुलट चालणारेहि टिकून आहेत. पण तिच्या पलीकडे, अगदीं बाहेरच्या वाटांवर जे आहेत, ते बहुतेक सारे उलट चालीचेच आहेत. आणि ते थोडेथोडके नाहींत. २०२५ च्या मार्चमध्यें शनीचे १२८ नवे चंद्र एकदम जाहीर झाले आणि एकूण संख्या २७४ झाली. त्यांत घरच्या चालीनें, घराजवळ फिरणारे पंचवीससुद्धां नाहींत. बाकीचे सारे दूरचे, लहान आणि वेड्यावांकड्या वाटेचे, आणि त्यांतहि उलटे अधिक. ज्योतिर्विदांनीं त्यांचीं आपल्या गोत्रांसारखीं कुळें पाडलीं आहेत आणि नॉर्स, गॉल, इन्युइट अशा लोकांच्या पुराणांतून त्यांना नांवें दिलीं आहेत. मीं वर्गांत 'असूंच शकत नाहीं' म्हटलें तें असें बहुसंख्य निघालें.

परंतु ही मूळची कोठली, याचा पुरावा काय? तो २००४ सालीं मिळाला. १९९७ सालीं पृथ्वीवरून निघालेलें कासिनी नांवाचें यान शनीकडे जातांना वाटेंतच ११ जून २००४ रोजीं फीबीपासून अवघ्या दोन हजार किलोमीटरवरून गेलें. एकदां शनीच्या कक्षेंत शिरल्यावर इतक्या दूर परत येणें यानाला शक्य नव्हतें, म्हणून ही एकच भेट साधून घेतलेली होती. त्यापूर्वीं १९८१ सालीं व्हॉयेजरनें वीस लाखांहून अधिक किलोमीटरवरून तिचीं चित्रें घेतलीं होतीं. त्यांत धूसर गोळ्यापलीकडे फारसें कांहीं दिसलें नव्हतें. या वेळीं दिसलें तें असें : सर्वांगावर देवीचे व्रण असावे तशीं विवरें, त्यांतील एक तर सुमारें शंभर किलोमीटर रुंद, म्हणजे तिच्या अर्ध्या अंगाएवढें. आणि विवरांच्या उतारांवर जेथें दरड घसरलेली, तेथें पांढरें शुभ्र बर्फ! काळेपण तें वरवरचें, धुळीचें. तिच्या प्रकाशाचें पृथक्करण करितां पाण्याचें बर्फ, गोठलेला कर्बद्विप्राणिल वायु, लोहयुक्त खनिजें आणि कर्बाचे कांहीं संयुक्त पदार्थ आढळले. वजनाचा हिशेब केला तर ती पाण्याच्या १.६ पट जड. शनीच्या घरचे बर्फाळ चंद्र सरासरीनें याहून बरेच हलके आहेत. हें मिश्रण प्लूटो आणि ट्रायटन यांच्या घडणीशीं जुळतें. तेव्हां नेपच्यूनच्या पलीकडे प्लूटोसारख्या गोळ्यांची जी वसाहत आहे, त्याच भागांतली ती असावी, असें बहुतेकांचें मत पडलें.

"बर्फ पोटांत आणि धूळ अंगावर," सूनबाई म्हणाली. "माहेरचें सगळें जपून ठेविलेलें दिसतें." मी कांहीं बोललों नाहीं.

या फीबीचा घरच्या एका चंद्राशीं जो संबंध निघाला, त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. ज्याच्यावरून त्या यानाला नांव मिळालें तो ज्योतिर्विद कासिनी यानें १६७१ सालीं पॅरिसमधून आयापिटसचा शोध लाविला. आपल्याकडे शिवरायांच्या राज्याभिषेकाला तेव्हां अजून तीन वर्षें अवकाश होता. कासिनीला एक विचित्र गोष्ट दिसली. शनीच्या पश्चिमेस असतां हा चंद्र चांगला दिसे. पूर्वेस गेला कीं नाहींसाच होई. त्यानें तर्क केला तो असा : या चंद्राचें एक अंग उजळ व एक अंग काळें असलें पाहिजे, आणि आपल्या चंद्राप्रमाणेंच तो आपलें एकच तोंड स्वामीकडे ठेवीत असला पाहिजे. केवळ तर्कानें काढलेलें हें अनुमान तंतोतंत खरें ठरलें. चालतांना जें अंग पुढें असतें तें कोळशासारखें काळें, आणि मागचें बर्फासारखें पांढरें.

हें तोंड काळें कशानें झालें? १९७४ सालीं स्टीव्हन सोटर या अमेरिकन ज्योतिर्विदानें सुचविलें कीं, फीबीवरून उडणारी धूळ सूर्यप्रकाशाच्या परिणामानें हळूहळू आंत सरकत असावी. आणि ती उलट दिशेनें येत असल्यामुळें आयापिटसच्या तोंडावरच आदळत असावी. पावसांत धांवणाऱ्याचें तोंड भिजतें आणि पाठ कोरडी राहते, तसें. पस्तीस वर्षें हा तर्कच होता. २००९ सालीं व्हर्बिसर, स्क्रुट्स्की व हॅमिल्टन या तिघांनीं स्पिट्झर या अवकाशांतील दुर्बिणीनें शनीभोंवतीं एक प्रचंड नवें कडें शोधून काढलें. ओळखीच्या कड्यांशीं सत्तावीस अंशांचा कोन करून असलेलें, फीबीच्याच वाटेच्या पातळींतलें, आणि इतकें विरळ कीं त्याच्या मधोमध उभे राहिलों तरी कांहीं आहे असें वाटणार नाहीं. उष्णतेच्या किरणांनींच काय तें तें दिसलें. धुळीचा माग लागला.

इतक्यांत स्वयंपाकघराच्या दारांतून आमच्या सौ. म्हणाल्या, "पाहा! बाहेरून आलेलीनें घरच्याचें तोंड काळें केलें." त्यांनीं तें सहज म्हटलें, पण सूनबाईनें पंचांग मिटलें, आणि दिवाणखान्यांत क्षणभर कोणी बोलेना. मला पुन्हां चष्मा पुसावासा वाटला. परंतु एकदां अर्धवट माहितीवर मीं एकाला खालीं बसविलेलें आहे. म्हणून या वेळीं चष्मा नाकावरच ठेवून मीं उरलेली हकीकत सांगितली.

आयापिटसचा काळा रंग नीट पाहिला तर तांबूस आहे, फीबीचा करडा. सगळी धूळ तिची असती तर रंग जुळला असता. हें कोडें २०१० च्या सुमारास उलगडलें तें असें. धूळ पडली खरी, पण ती थोडी. आयापिटस स्वतःभोंवतीं फार सावकाश फिरतो. त्याचा एक दिवस म्हणजे आपले ७९ दिवस. इतका वेळ ऊन लागलें म्हणजे जेथें किंचित् धूळ पडली ती जागा तापते. तापली कीं तेथलें बर्फ उडून जातें आणि दुसऱ्या, थंड बाजूवर जाऊन बसतें. बर्फ गेलें कीं त्यांत मुळापासून मिसळलेला आयापिटसचा स्वतःचाच काळा गाळ उघडा पडतो. तो आणखी तापतो, आणखी बर्फ जातें. फीबीनें काजळाचें एक बोट लाविलें एवढेंच. पुढचें काळें त्याचें त्याच्याच अंगांतलें. आणि त्याचें जें दुसरें अंग इतकें पांढरें दिसतें, तेंहि याच व्यवहारांतून अधिक उजळ झालेलें आहे. जलद गिरकी घेणाऱ्या दुसऱ्या चंद्रांना असें होत नाहीं, कारण त्यांना एका बाजूनें तापावयास वेळच मिळत नाहीं.

"मग असें सरळ सांगावें ना," सौ. म्हणाल्या, आणि त्यांनीं सूनबाईला आमसुलें कोठें ठेविलीं तें विचारलें.

हौशी वाचकांसाठीं एवढें लिहून ठेवितों कीं, फीबी लहान दुर्बिणींतून दिसावयाची नाहीं. तिला मोठी दुर्बीणच हवी. पण चारसहा इंच व्यासाची दुर्बीण कोणापाशीं असली, तर शनीच्या पश्चिमेस दूर गेलेला आयापिटस निरभ्र रात्रीं एखाद्या बारीक ताऱ्यासारखा दिसूं शकतो. तो त्या दिवशीं कोठें आहे हें आधीं पाहून ठेवावें आणि त्या रात्रीचें टिपण करावें. नंतर सुमारें चाळीस दिवसांनीं, तो पूर्वेस गेला असतां, त्याच दुर्बिणींतून पुन्हां शोधावा. बहुधा सांपडणार नाहीं. त्यानें खट्टू होऊं नये; पूर्वेचा आयापिटस दिसावयाला स्वतः कासिनीला चांगल्या दुर्बिणीची वाट पाहत १७०५ सालापर्यंत थांबावें लागलें होतें.